घोडपदेवच्या भुताला काय हवंय?

भुताची गोष्ट म्हटली की मराठी वाचकाला कोकण दिसतं. पडका वाडा, वापरात नसलेली विहीर, तिन्हीसांजेला ज्याचं नाव घ्यायचं नाही असा कुणीतरी. मुंबईतला मुलगा मे महिन्यात गावी जातो, तिथे घाबरतो आणि जूनमध्ये शाळेत परत येतो. कुमारवयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कितीतरी भयकथा या वाटेनं जातात. मात्र तो मुलगा ज्या वस्तीतून गावी जातो, त्या वस्तीत भुताची गोष्ट घडू शकते का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

घोडपदेव ही तशी वस्ती. भायखळा आणि माझगावच्या कुशीत, एका बाजूला रे रोड-कॉटन ग्रीनची रेल्वे आणि गोदी, दुसऱ्या बाजूला चिंचपोकळी-लालबागचा गिरणगाव. इथे भुताची कादंबरी लिहावी का, आणि लिहायचीच तर कशी, यावर दोन मतं आहेत. दोन्ही मला जवळची वाटतात. म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. एक मामा, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मुरलेले. दुसरी त्यांची एकवीस वर्षांची भाची, जिला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी भुताची कादंबरी लिहायची आहे. दोघं बसलेत ते घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या म्हाडाच्या इमारतीत, सव्वादोनशे चौरस फुटांच्या घरात. गिरणी कामगाराच्या वारसांना मिळालेलं हे घर.

मामा : पहिला प्रश्न साधा आहे. भुताला अंधार लागतो, एकांत लागतो. इथे रात्री दोनला गॅलरीत कुणाचा तरी मोबाइल वाजत असतो. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्या आपण मोजू शकतो. इथे तू भूत बसवणार कुठे?

भाची : गर्दीतच बसवणार. मामा, छोट्या गावातली भुताची गोष्ट अंगावर येते ती अंधारामुळे नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून येते. नारायण धारपांची 'लुचाई' घे. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून त्यांनी ती मराठीत आणली. तिच्यातली भीती काय आहे? गावातली ओळखीची माणसं एकेक करून बदलत जातात. काल ज्याच्या दुकानातून साखर आणली तोच आज रात्री खिडकीशी उभा. अनोळखी शहरात हे घडूच शकत नाही, कारण तिथे कोण बदललं हे कळणारच कुणाला? घोडपदेवला मात्र कळतं. डी. पी. वाडीत कुणाच्या घरी पाहुणे आलेत हे फेरबंदरपर्यंत माहीत असतं. आपण मुंबईत आहोत, पण राहतो गावासारखे.

मामा : हे पटलं. गावकीच्या खोल्या पाहिल्यात मी. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. गाव इथे माणसांबरोबर आलं आणि भुतंही आली असणार. पण ती आली गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडून, एवढं लक्षात ठेव.

भाची : तोंडून आली हे मला मान्यच आहे. आता कोणती आली ते बघ. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला. समंध म्हणजे ज्याचं करायला मागे कुणी उरलं नाही असा. प्रत्येक भूत म्हणजे वेळेआधी किंवा बेवारस गेलेलं माणूस. आणि यातला मुंजा तर माझ्या वाचकाच्याच वयाचा! मोठं होण्याच्या उंबरठ्यावर अडकलेला मुलगा. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला तो याच कोकणी मुंजावर, आणि तो देशभरच्या मुलांनी पाहिला. किशोरवयीनांची भूतकथा परदेशातून आणायची गरजच नाही. ती आपल्या पिंपळावर आधीपासून बसलेली आहे.

मामा : तू ही यादी भुतांची म्हणून वाचतेस. मला ती मृत्यूच्या नोंदवहीसारखी वाटते. बाळंतपणात बायका मरत होत्या, म्हणून अळवंत होती. मग १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, त्याच वर्षी के. ई. एम. उघडलं. पुढच्या पिढ्यांत गिरणगावातल्या बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या. अळवंत कुठल्या मांत्रिकानं घालवली नाही. ती डॉक्टर आणि नर्स यांनी घालवली. ही गोष्ट मुलांना सांगायची सोडून तू त्यांना पुन्हा अळवंतीची भीती घालणार?

इथे मामांच्या बोलण्याला धार येते. त्यामागे चळवळीतली वर्षं आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ मध्ये सुरू झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी, ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारहाण करणं, चटके देणं हा आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मामा : हा कायदा कागदावरची कलमं म्हणून मी वाचत नाही. भानामतीची प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत. घरातले कपडे आपोआप पेटतात, जेवणात खडे येतात, भिंतीवर फुल्या उमटतात. घरच्यांना वाटतं, करणी झाली. आपण शांतपणे सगळ्यांशी बोलत गेलो की बहुतेक वेळा काय निघतं? घरातलंच कुणीतरी, फार ताणाखाली असलेलं. पुष्कळदा तुझ्या वाचकांच्या वयाची मुलगी. शाळा सुटलेली असते, लग्न ठरवत असतात, किंवा घरात असं काही सोसत असते जे ती कुणाला सांगू शकत नाही. तिला बोलायला जागा नसते, म्हणून ती फुल्या काढते. अशा वेळी घरचे मांत्रिक आणतात. तो त्या मुलीला झोडपतो. तुझी कादंबरी वाचून एका जरी घरात मांत्रिक आला, तर मी तुला माफ करणार नाही.

भाची : मामा, तू आत्ता जे सांगितलंस तीच माझी गोष्ट आहे. जिला बोलता येत नाही ती मुलगी भुताच्या भाषेत बोलते. माझ्या पानावर तिला ती भाषा मिळाली, तर कदाचित तिला भिंतीवर फुली काढायला लागणार नाही. पुस्तक वाचताना तिला कळेल की आपल्याला वाटतं तसं दुसऱ्या कुणालातरी वाटलंय. आणि मुलांना गोष्ट आणि खरं यातला फरक कळत नाही, हे मला मान्यच नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण घे. आधी दिलीप प्रभावळकरांनी ती केली, पुढे वैभव मांगले यांनी. सभागृहातली पाच वर्षांची पोरं तिला घाबरतात आणि तिच्याशी ओरडून भांडतातही. कुणाही पोरानं घरी जाऊन शेजारच्या म्हातारीला चेटकीण म्हटलं नसेल. तेच मतकरी मोठ्यांसाठी 'खेकडा'सारख्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा लिहीत होते. त्यांच्या लेखी भीती ही मनाची तालीम होती.

मामा : पाच वर्षांच्या पोराला रंगमंच दिसतो. दिवे लागतात, पडदा पडतो. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री एकटा वाचतो. तिथे पडदा कोण पाडणार?

भाची : लेखक पाडणार. आणि कसा पाडणार ते मी आत्ताच लिहून देते. माझ्या पुस्तकात मांत्रिक येणार नाही. भूत उतरवलं जाणार नाही. भूत ऐकलं जाईल.

मामा : ऐकलं जाईल म्हणजे?

भाची : गोष्टच सांगते. आपल्यासारखीच एक इमारत, गिरणीच्या जमिनीवरची. दहावीतली मुलगी. घर लहान, म्हणून रात्री अभ्यासाला ती जिन्यात बसते. बाराच्या सुमाराला, म्हणजे पूर्वी तिसरी पाळी लागायची त्या वेळी, तिला एक माणूस दिसतो. हातात डबा, खांद्यावर टॉवेल. अंगावर कापसाचं फूल चिकटलेलं. तो तिला विचारतो, माझं तिकीट कुठंय? तिला वाटतं, रेल्वेचं. मग कळतं की गिरणीत प्रत्येक कामगाराला नंबर असायचा, त्याला तिकीट म्हणायचे. हा बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर याला काम, नाहीतर घरी. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, घरांची सोडत निघाली. घरासाठी पुरावा हवा. तिकीट नंबर, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ई. एस. आय. चं कार्ड. बदलीवाल्याकडे यातलं काही धड नाही. तो मेल्यावरही ते शोधतोय. ही मुलगी त्याचं तिकीट शोधायला निघते, आणि शोधता शोधता तिला प्रश्न पडतो की आपण ज्या घरात राहतो ते नक्की कुणाचं.

मामा काही वेळ बोलत नाहीत. त्यांचे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. संपानंतर त्यांनी पुन्हा गिरणीचं तोंड पाहिलं नाही. मामांना गोष्ट आवडली आहे हे भाचीला दिसतं, आणि म्हणूनच पुढचा आक्षेप सर्वांत जड आहे.

मामा : गोष्ट चांगली आहे. आता माझी खरी अडचण सांगतो. अंधश्रद्धेपेक्षाही मोठी. भूत आलं की कारण झाकलं जातं. २७ सप्टेंबर २०१३ ची सकाळ आठव. तू लहान होतीस. डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केटची पालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळली. इथून चालत जाण्याच्या अंतरावर. ६१ माणसं गेली. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांची चौकशी झाली, इमारत धोकादायक असताना माणसं तिथे का राहत होती यावर बोललं गेलं. ही सगळी माणसानं केलेल्या चुकांची यादी आहे. उद्या कुणी तिथे भूत दिसतं म्हणून गोष्ट लिहिली, तर दहा वर्षांनी लोक म्हणतील, ती जागाच तशी होती. जागा कधीही तशी नसते गं. जागा तशी केलेली असते. गुन्ह्याचं दैव करून टाकायचं असेल तर भुतासारखं साधन नाही.

भाची : यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. उलटं बघ. कारण आधी झाकलं जातं, आणि मग भूत येतं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यावर कापसाच्या गासड्या आणि सोनंही. दुपारी आग लागली. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. शेकडो गोदी कामगार गेले, हजारो घरं उद्ध्वस्त झाली. सोन्याची एक वीट पार लांबच्या एका घराचं छप्पर फोडून पडली. आणि बातमी? युद्धाची सेन्सॉरशिप. जगाला पहिली बातमी दिली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. मुंबईच्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची मुभा मिळाली मे महिन्यात. आता सांग, ज्या बाईचा नवरा त्या दुपारी गोदीतून आला नाही, आणि नक्की काय झालं हे कुणी सांगितलं नाही, तिच्यापाशी काय उरलं? त्याच्या येण्याची वाट. वाट पाहणाऱ्या माणसाच्या दारात पाऊल वाजलं, तर ती अंधश्रद्धा म्हणून मी तिच्याशी वाद घालू का?

मामा : तिच्याशी नाही. पण तिच्या नातवाशी घालावा लागतो, कारण त्याला खरं कळण्याचा अधिकार आहे. अजूनही दर १४ एप्रिलला भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्या जवानांना मानवंदना दिली जाते. ते मला योग्य वाटतं. नावानिशी आठवण. त्यात भूत लागत नाही.

भाची : जवानांची नावं आहेत, मामा. गोदीत माल उचलणाऱ्या, बिगारीवर आलेल्या किती जणांची आहेत? ज्यांची नावं दगडावर कोरली जातात त्यांना भूत व्हावं लागत नाही. माझी गोष्ट उरलेल्यांची आहे.

मामा : हे तू बरोबर बोललीस.

भाची : जपानचंही ऐक. ११ मार्च २०११ ची त्सुनामी. ईशान्य किनाऱ्यावरचं इशिनोमाकी, मासेमारीचं शहर. त्या एका शहरात तीन हजारांहून जास्त माणसं गेली. नंतर युका कुदो नावाची एक विद्यार्थिनी, जवळजवळ माझ्याच वयाची, समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी तिथल्या टॅक्सीवाल्यांना भेटली. शंभराहून जास्त जणांशी ती बोलली. त्यातल्या सात जणांनी सांगितलं की उतारू गाडीत बसला, पत्ता सांगितला, आणि वाटेत मागची सीट रिकामी होती. पत्ता असायचा वाहून गेलेल्या वस्तीचा. मीटर टाकलेलं होतं, म्हणून भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. विशेष म्हणजे त्यांना त्या उतारूंची भीती वाटली नव्हती. पुन्हा आला तर पुन्हा बसवू, असं त्यांच्या बोलण्यात होतं. भूत खरं होतं का, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्नच नव्हता. एवढी माणसं एकदम गेल्यावर जिवंत माणसं त्यांच्याशी कसं वागतात, हा होता.

मामा : तो प्रबंध आहे. त्यात कोण बोललं, किती जण बोलले हे लिहिलेलं आहे. कादंबरीत ते नसतं.

भाची : मग कादंबरीत ते आणायची जबाबदारी माझी. तूच सांग, काय काय आलं पाहिजे?

इथून संवादाचा रंग बदलतो. मामा आक्षेप घेणं सोडून शिक्षकासारखे बोलू लागतात. गिरणीतलं जे त्यांनी घरात बसून ऐकलं, पाहिलं, ते भाचीच्या गोष्टीला हवं असतं.

मामा : पहिलं म्हणजे तुझ्या माणसाचा खोकला. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते. माणसाला वाटायचं, कामाची सवय मोडली म्हणून होतंय. किती तरी जणांना क्षय व्हायचा आणि शेवटी शिवडीचं टी. बी. रुग्णालय गाठावं लागायचं. तुझ्या भुतानं खोकायला हवं. नुसतं पांढरं होऊन चालायचं नाही.

भाची : हे मी घेते. जिन्यातल्या मुलीला तो दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येईल. आणि तिचे आजोबाही तसेच खोकतात.

मामा : दुसरं, तू म्हणतेस तो मेलाय. पण त्याच्यासारखे कितीतरी अजून आहेत. घरांसाठी अर्ज आले दीड लाखांच्या वर. घरं मिळाली त्यातल्या थोड्यांना. बाकीचे गुहागरला, संगमेश्वरला, आंबेगावला, पाटणला बसून यादीकडे डोळे लावून आहेत. कुणी गेले, त्यांच्या बायका, मुलं आहेत. जिवंत माणसाला भूत करू नकोस. भुताला घर लागत नाही, अशी सोय त्यातून सरकारला मिळते.

भाची : म्हणजे त्याची बायको जिवंत असायला हवी.

मामा : असायलाच हवी. आणि तिचा पत्ता कादंबरीत असायला हवा. तुझी दहावीतली मुलगी एस. टी. नं तिच्याकडे गेली पाहिजे. भूत जिन्यात राहिलं तरी चालेल, पण गोष्ट जिन्यात राहता कामा नये.

भाची : मग शेवटी ती मुलगी त्या आजीबरोबर बसून अर्ज भरते.

मामा : नाही. तेवढंच केलंस तर ते आमच्या समितीचं पत्रक होईल. मुलगा पुस्तक मिटेल आणि दुसरं घेईल. मी पंचवीस-तीस वर्षं वर्गात गोष्टी वाचून दाखवल्या आहेत. बोध सुरू झाला की मागच्या बाकाची पोरं खिडकीबाहेर बघतात. भीती घालायचीच ठरवलीस तर खरी घाल. त्या आजीच्या घरातही तो खोकला ऐकू येऊ दे. मुलगी रात्री तिथे राहते, आणि आजी दोन ताटं वाढते.

भाची : मामा! हे तू सांगतोयस?

मामा : हो, मी सांगतोय. मला गोष्टींचं वावडं कधीच नव्हतं. लहानपणी 'चांदोबा'तला वेताळ मी एका बैठकीत वाचायचो. तो खांद्यावर बसायचा तो विक्रमाला प्रश्न विचारायला. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, हा त्याचा नियम. भुतानं धमकी द्यायची ती गप्प बसणाऱ्याला द्यावी. तुझ्या भुताला हाच नियम लाव, माझी हरकत नाही.

इथे दोघं जवळ आले असं वाटतं. पण एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्यावर त्यांचं अखेरपर्यंत जमत नाही.

मामा : शेवटच्या प्रकरणात मात्र सांगून टाक की जिन्यात कुणी नव्हतं. परीक्षेचा ताण, रात्रीचं जागरण, आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. मनाचे खेळ कसे होतात हे मुलांना कळलं पाहिजे.

भाची : नाही सांगणार.

मामा : का?

भाची : सांगितलं की तो माणूस पुन्हा मरतो. आधी गिरणीच्या वहीत त्याची नोंद झाली नाही. मग सोडतीच्या यादीत नाव आलं नाही. आता मी त्याला एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातला भास म्हणू? आणि तिलाही खोटं पाडू? तिच्या वयाच्या मुलींना एवढंच तर ऐकायला मिळतं, की तुला भास होतोय, तू जास्त विचार करतेस. मी माझ्या वाचकाला तसं म्हणणार नाही.

मामा : आणि जिला खरंच भास होतात, जिला डॉक्टरची गरज आहे, तिचं काय? तिला तू सांगतेस की जे दिसतं ते खरं आहे.

भाची : तिच्यासाठी गोष्टीतच एक मोठं माणूस ठेवते. मुलगी त्याला सगळं सांगते आणि तो हसत नाही, ओरडतही नाही. तुला झोप लागते का, कुणी त्रास देतंय का, हे आधी विचारतो. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर बरोबर जाईन म्हणतो. भूत खरं की खोटं, यावर तो वाद घालत नाही. तो माणूस तूच आहेस.

मामा : मला कादंबरीत घालून माझी मान्यता मिळणार नाही. शेवट उघडा ठेवणं मला अजूनही धोक्याचं वाटतं.

भाची : मला बंद करणं अन्यायाचं वाटतं.

हा वाद त्यांच्यात मिटला नाही, आणि तो ओढूनताणून मिटवावा असं मलाही वाटत नाही. पण लिहिणाऱ्यानं बाजू सांगावी, म्हणून माझी सांगते.

मामांची भीती खरी आहे. महाराष्ट्रात भुताच्या नावाखाली माणसं मारली गेली आहेत, बायकांना झोडपलं गेलं आहे, उपचाराला उशीर होऊन मुलं दगावली आहेत. कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिणाऱ्यानं हे एक क्षणही विसरता कामा नये. भूत उतरवणारा, अंगारा देणारा, झाड धरणारा अशा गोष्टीत नायक होऊ शकत नाही. मुलीच्या अंगात आलं की तिला मारून गप्प करतात, हे दृश्य मजेसाठी लिहिता येत नाही. इतकं पथ्य मराठी भयकथेनं पाळायलाच हवं, आणि ते पाळल्यानं तिची धार कमी होत नाही.

पण शेवटाबाबत मी भाचीच्या बाजूची आहे. किशोरवय हे अपुऱ्या उत्तरांचं वय असतं. आई-बाप काय लपवतात, आजोबा कामावरून कधी घरी बसले, आपलं घर आधी कुणाचं होतं, हे प्रश्न त्याच वयात पहिल्यांदा टोचतात. मोठी माणसं विषय बदलतात. अशा मुलाला सगळं उलगडून हातात देणारं पुस्तक खोटं वाटतं. जिन्यात कुणी होतं की नव्हतं, हे ठरवायची मोकळीक त्याला दिली पाहिजे. तेवढा विश्वास आपण आपल्या मुलांवर ठेवू शकतो.

मात्र एका बाबतीत ती मोकळीक नाही, आणि तिथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूची आहे. भूत होतं की नव्हतं, हे वाचकानं ठरवावं. तो माणूस का मेला, हे लेखकानं सांगितलंच पाहिजे. बदली कामगाराचं तिकीट का हरवलं, गोदीची बातमी कुणी दाबली, इमारत धोक्याची असताना माणसं तिथे का राहिली, याची उत्तरं धूसर ठेवणारी भूतकथा भ्याड असते, मग ती कितीही थरारक असो. ज्या भुताला कारण नसतं ते मुलांना फक्त घाबरवतं. ज्याला कारण असतं ते त्यांना चौकशीला लावतं.

म्हणूनच घोडपदेवची भूतकथा लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं. फेरबंदरची, ताडवाडीच्या बी. आय. टी. चाळींची, लालबाग-परळची. या वस्त्यांचा पुनर्विकास चालू आहे. गॅलऱ्या जाताहेत, गावकीच्या खोल्या रिकाम्या होताहेत, गिरण्यांच्या बहुतेक चिमण्या तर कधीच पडल्या. इथे वाढणाऱ्या मुलांना बाविसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, पण पायाखाली काय गाडलंय ते कुणी सांगत नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या आजोबांना एखादं वाक्य मिळतं. गोष्टीत आजोबांना नाव मिळेल, खोकला मिळेल, डबा मिळेल, आणि आपला हक्क मागण्याइतका आवाज मिळेल. तो आवाज ऐकून एखाद्या मुलीनं घरच्या कपाटातली जुनी पिशवी उघडली, आजोबांचं तिकीट शोधलं आणि त्यांना नीट बसवून विचारलं की संपाच्या त्या वर्षी नेमकं काय झालं, तर त्या भुताला जे हवं होतं ते मिळालं असं मी म्हणेन.